पितळी पातेल्याचा पुरावा

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाच्या १९७९ सालच्या पहिल्या खंडात १२०३ ते १२०८ या पानांवर दोन शोधनिबंध पाठोपाठ छापलेले आहेत. पहिल्याचे प्रमुख लेखक स्टुअर्ट टॅनर. त्यांच्याबरोबर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलची मंडळी, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे आनंद पंडित, आणि मिल्स व ब्रेमनर हे स्कॉटलंडमधल्या रोवेट संस्थेतले दोघे. रोवेट ही जनावरांच्या पोषणावर काम करणारी संस्था. मेंढ्यांना तांब्याची विषबाधा कशी होते, हा तिथला अभ्यासविषय. दुसरा निबंध न्यूयॉर्कच्या हान्स पॉपर यांचा, आणि त्याच्या लेखकांत दिल्लीचे एन. सी. नायक आहेत. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

दोन्ही निबंधांचा विषय एकच होता: भारतातल्या लहान मुलांच्या यकृतात साठलेले तांबे.

हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ या नावाने आहे. घरात त्याला नुसते ‘लिव्हर’ म्हणत. मूल सहा महिन्यांचे ते तीन-चार वर्षांचे. आधी किरकिर, बारीक ताप, खाण्यावरची वासना गेलेली. मग पोट फुगते आणि हाताला यकृताची टणक, धारदार कड लागते. कावीळ आली की बहुधा वेळ निघून गेलेली असे. नंतर पोटात पाणी, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यू. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र तर चक्रावून टाकणारे होते. फुगलेल्या पेशींत ‘मॅलरी हायलिन’ नावाचे गुठळीसारखे पदार्थ आढळत. एरवी ते वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्याच्या यकृतात दिसतात. इथे ते दीड वर्षाच्या पोरात होते.

या आजाराचा जुना आणि पक्का छापील दाखला १८८७ सालचा आहे. कलकत्त्याच्या बी. सी. सेन यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये त्याविषयी लिहिले. चार वर्षांनी गिबन्स यांनी लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ग्रंथमालेत त्याचे सविस्तर वर्णन केले. म्हणजे आजार ओळखला गेल्यापासून यकृतातले तांबे मोजले जाईपर्यंत नव्वदहून अधिक वर्षे गेली. या नव्वद वर्षांचे कागद वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. निरीक्षणे फार बदललेली नाहीत. रुग्ण बहुतेक हिंदू, शाकाहारी, मध्यम स्थितीतले, पुष्कळदा खेड्यातले. मुली कमी, मुलगे जास्त. आणि एकाच घरात पाठोपाठ दोन-तीन मुले जाण्याचे प्रकार. १९५५ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या यकृतरोग उपसमितीने आपला अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही कारणाविषयी ठाम निष्कर्ष नाही. बदलत गेला तो संशयित.

पहिला दावेदार विषाणू. यात अडाणीपणा काही नव्हता. कावीळ होते, यकृताला सूज येते, काहींची सूज जिरत नाही आणि शेवटी यकृत कडक होते, हा क्रम मोठ्या माणसांत डॉक्टरांनी पाहिलेला होता. १९६५ साली ब्लुमबर्ग यांच्या ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ची बातमी आली. पुढे ते हेपटायटिस बीचे चिन्ह ठरले, आणि ते आईकडून बाळाला जाऊ शकते हेही कळले. एकाच घरात अनेक मुले का जातात, याचे उत्तर त्यात मिळत होते. पण नीट पाहिले तर तेच निरीक्षण तीन वेगवेगळ्या गोष्टींशी जुळते: आईकडून येणारा विषाणू, वंशातून येणारा जनुकीय दोष, आणि त्या घरात दूध तापवायचे भांडे. भावंडांच्या पुराव्यावर कोणत्याही एकाला दोषी ठरवणे म्हणजे घाई झाली असती. पुढच्या अनेक लेखांत ती घाई झालेली आहे.

विषाणूचा संशय पुरता सोडता येत नव्हता, याला पुण्यातच दुसरे कारण होते. राष्ट्रीय विषाणू संस्थेत खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या वाँग व पर्सेल यांच्याबरोबर जपून ठेवलेले रक्तजल तपासले: दिल्लीच्या १९५५-५६च्या कावीळ साथीतले, अहमदाबादच्या १९७५-७६च्या साथीतले आणि पुण्यातल्या १९७८-७९च्या रुग्णांचे. १९८० साली ‘लॅन्सेट’मध्येच निष्कर्ष आला की पाण्यातून आलेली ही कावीळ हेपटायटिस ए नव्हे आणि बीही नव्हे. तो विषाणू पुढे हेपटायटिस ई या नावाने ओळखला गेला. ज्या देशात एक अख्खा विषाणू पंचवीस वर्षे बिननावाचा वावरतो, तिथे ‘विषाणू सापडला नाही’ याचा अर्थ ‘विषाणू नाही’ असा करायला कोण धजेल? एकाच शहरात, त्याच दोन-तीन वर्षांत, यकृतावरची ही दोन कामे चालू होती, आणि त्यांची उत्तरे दोन टोकांची निघाली.

दुसरा संशयित बुरशी. दमट जागी साठवलेल्या भुईमुगावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष. म्हैसूरकडच्या अभ्यासकांनी १९७१च्या सुमारास बुरशी लागलेल्या शेंगदाणा-पिठाचा मुलांच्या सिऱ्होसिसशी संबंध दाखवला. हा धागा पुढे फारसा ताणला गेला नाही. अफ्लाटॉक्सिनची विषबाधा आपल्याकडे झाली हे खरे, पण ती साथीसारखी येते आणि मोठ्यांनाही सोडत नाही. नेमके दीड-दोन वर्षांचेच मूल ती वेचून घेत नाही.

तांब्याकडे लक्ष कसे गेले, त्याची साखळी कागदांवरून बरीच नीट लावता येते. १९७४ साली जपानमधल्या शिकाता यांनी दाखवले की ऑर्सीन या रंगाने यकृताच्या छेदात हेपटायटिस बीचा अंश रंगून दिसतो. रंग स्वस्त, पद्धत सोपी, त्यामुळे तो प्रयोगशाळांत लगेच रुळला. या रंगाचा आणखी एक गुण होता: तांबे धरून बसलेले प्रथिनही तो रंगवतो. १९७८ साली पोर्टमन, टॅनर, मोवॅट व विल्यम्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये कळवले की भारतीय मुलांच्या या यकृतांत ऑर्सीनने रंगणारे कण भरलेले आहेत. ते कण विषाणूचे नव्हते. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष तांबे मोजले गेले. निरोगी यकृताच्या कोरड्या वजनात दर ग्रॅममागे तांबे साधारण पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते त्याच्या कितीतरी पट निघाले, इतके की विल्सनचा आजार नावाच्या आनुवंशिक तांबे-विकारातही क्वचितच दिसावे.

इथपर्यंत ठीक. पण यकृतात तांबे आहे, यावरून तांब्याने यकृत बिघडवले असे ठरत नाही. शरीरातले जादा तांबे पित्तावाटे बाहेर पडते. यकृत दुसऱ्याच कारणाने बिघडले आणि पित्ताची वाट तुंबली तरी तांबे साठेल. आधी कोण, मागून कोण, हा प्रश्न १९७९नंतरही उघडाच होता.

उत्तराचा पहिला जबाबदार प्रयत्न १९८३चा. टॅनर, कांतार्जियन, शीला भावे आणि पंडित यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की तांबे उतरलेले गाई-म्हशीचे दूध बाळाला लवकर सुरू करणे, हे या आजाराचे संभाव्य कारण आहे. ‘संभाव्य’ हा शब्द त्यांच्या शीर्षकातच आहे. पुढे सांगोवांगीत तो गळून पडला.

या ठिकाणी प्रयोगशाळेतून उठून स्वयंपाकघरात जायला हवे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक होते की बिनकल्हईच्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचे काही ठेवले तर ते कळकते. म्हणून कल्हईवाला दारावर आला की पातेली बाहेर निघत. नवसागराचा पांढरा धूर, कथलाचा चकचकीत हात, आणि मग चार-सहा महिने काळजी नाही. ही शहाणीव खरीच होती, पण ती आंबटापुरती होती. दूध आंबट नाही. ते पितळेत तापवले, दिवसभर ठेवले, तरी रंग बदलत नाही आणि चवीला फारसे कळत नाही. दुधातले केसीन हे प्रथिन मात्र तांबे ओढून घेते. १९८९ साली ओ’नील आणि टॅनर यांनी पितळी भांड्यांतून दुधात किती तांबे उतरते, याचीच मापे प्रसिद्ध केली. ज्या पदार्थाने धोक्याची खूण द्यायला हवी होती तो गप्प बसला, म्हणून कल्हई उडालेले पातेले दुधाला चालवून घेतले गेले.

बाळाच्या बाजूनेही एक कारण आहे. नवजात बाळाच्या यकृतात मुळातच तांबे भरपूर असते, आणि पहिल्या काही महिन्यांत ते ओसरते. पित्तावाटे तांबे काढून टाकण्याची ताकद या वयात पुरती आलेली नसते. आईच्या दुधात तांबे थोडे, गाईच्या दुधात त्याहून थोडे. म्हणजे दोष गाईचा नव्हे, भांड्याचा. आईचे दूध कमी पडले किंवा लवकर तुटले, घरी दुभते होते, आणि पितळेची भांडी घेण्याइतकी ऐपत होती, अशा घरात हे तिन्ही योग जुळत. मजुराच्या घरात मूल दोन-दोन वर्षे अंगावर पीत असे, आणि भांडी मातीची किंवा जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. आजार मध्यम स्थितीतल्या घरांत का जास्त, या जुन्या कोड्याचे मला पटणारे उत्तर हे आहे. विषाणूच्या बाजूने असे उत्तर कोणी दिलेले नाही. कावीळ सहसा गरिबाचे घर आधी गाठते.

१९८७ साली भावे, पंडित व टॅनर यांनी आजारी मुले आणि त्यांच्या जोडीला निवडलेली निरोगी मुले यांच्या खाण्यापिण्याची तुलना छापली. आजारी मुलांत पितळी भांड्यातले दूध लवकर सुरू झालेले आढळले. इतिहास लिहिणाऱ्याने या पुराव्याकडे जरा तिरक्या नजरेने पाहावे. मूल मरणाच्या दारात असलेली आई मागचे एकेक आठवत बसते. ज्या आईचे मूल अंगणात खेळते आहे, तिला वर्षापूर्वीचे पातेले कशाला आठवेल? शिवाय डॉक्टर पुन्हा पुन्हा भांड्याविषयी विचारू लागले की उत्तरही भांड्याकडे झुकते. जोडीतली तुलना इतर फरक कमी करते, पण आठवणीचा हा दोष काढत नाही. तरीही हा कागद मी वजनदार मानतो, कारण तो एकटा उभा नाही.

त्याच्या पाठीशी औषधाचा पुरावा आहे. पेनिसिलामिन हे तांबे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध. जॉन वॉल्श यांनी १९५६ साली ते विल्सनच्या आजारात आणले. पुण्यात ते या मुलांना दिले गेले, आणि १९८७ साली त्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. कावीळ झाल्यावर आलेल्या मुलांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कावीळ येण्याआधी सापडलेल्यांपैकी काही वाचली. १९९६ साली आशिष बावडेकर, भावे, प्रधान, पंडित व टॅनर यांनी अशा २९ मुलांची पुढची हकिगत दिली. मुले तेव्हा पाच ते चौदा वर्षांची होती आणि कोणालाही त्रास नव्हता. काहींचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पूर्ववत झाले होते. ज्या आजारात पूर्वी जवळपास सगळी मुले दगावत, त्यात ही नोंद असाधारण आहे. तांबे काढल्यावर यकृत सुधारते, तर तांबे हा नुसता मागून आलेला पाहुणा नसावा. निदान नुकसान वाढवण्यात तरी त्याचा हात आहे, इतके या २९ मुलांवरून म्हणता येते.

आतापर्यंतचे कागद बहुतेक मोठ्या शहरांतले. आता मराठवाड्याकडे. आजच्या जालना जिल्ह्याच्या नावाने या आजाराचे जुने कागद शोधायला निघालेल्याने आधी नकाशा पाहावा. हा जिल्हा १ मे १९८१ला झाला. त्याआधी जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका, आणि १९४८पर्यंत सगळा मुलूख निजामाचा. औरंगाबादचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘घाटी’, १९५६ साली निघाले. म्हणजे १९५५चा तो अहवाल आला तेव्हा या भागात बालकाच्या यकृताचा तुकडा काढून रंगवून पाहील असे वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. आणि या आजाराचे पक्के निदान त्या तुकड्यावरच होत असे. अशा प्रदेशात आजार कमी नोंदला गेला म्हणून तो कमी होता, असा निष्कर्ष काढणे चूक. कलकत्ता, मद्रास, मुंबई, पुणे ही नावे जुन्या लेखांत वारंवार येतात, यात आजाराचा भूगोल जितका आहे तितकाच प्रयोगशाळांचाही आहे. याउलट पुण्याच्या केईएमने सत्तरच्या दशकात बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. खेड्यापर्यंत असा हात पोचलेला असल्याने पुणे जिल्ह्यातल्या घराघरात प्रतिबंधाचा साधा सल्ला पोचवणे शक्य तरी होते: बाळाचे दूध पितळेत किंवा तांब्यात तापवू नका, ठेवू नका. १९९२ साली भावे आणि सहकाऱ्यांनी प्रतिबंधावरचा निबंध छापला.

तोवर आजार ओसरू लागला होता. आणि खरा वाद इथेच सुरू होतो.

पितळेची जागा स्टीलने घेतली. बोहारीण जुन्या लुगड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले देऊ लागली, लग्नाच्या रुखवतात स्टील आले, कल्हईवाल्याची हाक विरळ झाली. नव्वदीच्या दशकात बालरोगतज्ज्ञांना हा आजार क्वचित दिसू लागला. वेळापत्रक जुळते, हे खरे. पण त्याच काळात लसी आल्या, रस्ते झाले, कुटुंबे लहान झाली, तयार बाळअन्न आले. एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या, तर श्रेय एकट्या पातेल्याला का द्यावे? २०१३ साली एन. सी. नायक आणि मुंबईचे रोगनिदानतज्ज्ञ अरुण चितळे यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये नेमका हाच प्रश्न उभा केला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘तथ्ये विरुद्ध समजुती’ असा सामना आहे, आणि तांबे हे कारण म्हणून सिद्ध झालेले नाही हा त्याचा रोख. हे तेच नायक, ज्यांचे नाव १९७९च्या तांबे-निबंधावर आहे. ज्याने तांबे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले त्यानेच चौतीस वर्षांनी हरकत घ्यावी, तेव्हा ती हरकत गांभीर्याने घ्यायला हवी. तांबेवाद्यांनी ती पुरेशी घेतली असे मला वाटत नाही.

हरकतीला परदेशातून बळ मिळते, आणि उत्तरही परदेशातूनच मिळते. १९९४ साली शाइनबर्ग व स्टर्नलिब यांनी मॅसॅच्युसेट्समधली अशी तीन गावे तपासली, जिथल्या नळाच्या पाण्यात तांबे भरपूर होते. चौसष्ट हजारांवर बालवर्षांच्या (मुले गुणिले वर्षे) नोंदीत यकृताच्या आजाराने लहान मूल गेल्याचा एकही दाखला निघाला नाही. म्हणजे नुसते तांबे पुरत नाही. (स्टर्नलिब हेही १९७९च्या त्याच दुसऱ्या निबंधाचे सहलेखक, त्या सहा पानांतली माणसे पुढे कुठे कुठे भेटतात पाहा.) मग १९९६ साली ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातून म्युलर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. १९०० ते १९७४ या काळात तिथल्या डोंगरी शेतकऱ्यांची १३८ बाळे अगदी अशाच आजाराने गेली होती. गाईचे दूध, पाणी आणि साखर घालून, कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळून बाळाला पाजण्याची तिथे रीत होती. भांडी बदलली आणि आजार गेला. पण चर्चच्या वंशनोंदींवरून असेही दिसले की आजार विशिष्ट घराण्यांत, आईबाप दोघांकडून दोष आला तरच उमटतो, अशा चालीने पसरलेला होता. तिथे नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या होत्या, म्हणून हे सिद्ध करता आले. आपल्याकडे भावंडांच्या जोड्या डॉक्टरांच्या कागदात आहेत, पण त्यांना मागे आजोबा-पणजोबांपर्यंत नेणारी वही नाही.

टिरोलचा दाखला पुण्याच्या बाजूने जातो, पण अर्धाच. त्याने भांडे दोषी ठरते, आणि त्याच वेळी भांड्याला साथीदार होता हेही ठरते. तो साथीदार अजून हाती लागलेला नाही. विल्सनच्या आजाराचा जनुक १९९३ साली सापडला. तो इथला गुन्हेगार नव्हे. बेडलिंग्टन टेरियर जातीच्या कुत्र्यांत यकृतात तांबे साठण्याचा आनुवंशिक दोष आहे, त्याचा जनुक २००२ साली मिळाला. दुसऱ्याच वर्षी म्युलर यांनी कळवले की माणसाच्या बाळांतल्या या आजाराचे कारण तो नाही.

म्हणून मी मांडतो तो निवाडा असा. पितळी भांड्यातल्या दुधाने आजार घडवला याला परिस्थितिजन्य पुरावा भक्कम आहे: यकृतातली मापे, दुधातली मापे, खाण्याची हकिगत, औषधाचा गुण आणि टिरोल, या पाच वेगळ्या वाटा एकाच पातेल्याशी येतात. भांड्याने एकट्याने घडवला याला पुरावा नाही, उलट मॅसॅच्युसेट्सचा विरोधी दाखला आहे. नायक-चितळे यांची हरकत या दुसऱ्या वाक्याला लागू पडते, पहिल्याला नाही.

जनुकाचा प्रश्न सुटण्याजोगा आहे, आणि त्याला नवे रुग्ण लागत नाहीत. १९९६च्या निबंधातली ती २९ मुले आज पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या घरात असायला हवीत, बहुतेकांना भावंडे असतील, काहींना मुलेबाळे. त्यांच्या संमतीने रक्ताचे नमुने मिळाले, आणि मेणाच्या ठोकळ्यांत ठेवलेले जुने यकृताचे तुकडे कुठे जपलेले असले, तर आजच्या तंत्राने सगळा जनुकसंच वाचून सामाईक दोष शोधता येईल. पण ठोकळे रुग्णालयाच्या कपाटात कायमचे राहत नाहीत. जागा कमी पडली की ठरावीक वर्षांनंतर ते काढून टाकले जातात, त्यामुळे हे काम करायचे तर आधी त्यांची यादी व्हायला हवी.